आईच्या कंबरेवर माझा पाय

मी पायांकडून जन्मले. आमच्या पोलादपूरकडच्या डोंगरवाडीत अशा मुलाला पायाळू म्हणतात आणि त्याच्या पायात गुण असतो असं मानतात. कुणाच्या कंबरेत लचक भरली, उसण आली, की त्याला पायाळूसमोर पालथं झोपवायचं. पायाळूने डावा पाय कंबरेच्या खळग्यावर ठेवायचा आणि हळूहळू खाली माकडहाडापर्यंत उतरवायचा. मला चालता यायला लागलं तेव्हापासून हे काम माझ्याकडे होतं. ओटीवर घोंगडी अंथरलेली असायची, त्यावर कुणीतरी धिप्पाड माणूस कण्हत पडलेला असायचा आणि आई माझ्या बगलेत हात घालून मला त्याच्या पाठीवर उभी करायची. त्या पाठी मला अजून आठवतात. कुणाची तापलेल्या कातळासारखी, कुणाची घामाने निसरडी, कुणाची इतकी हाडकुळी की मणक्यांवरून पाय घसरायचा. काम झालं की हातावर गुळाचा खडा मिळायचा. पावसाळ्यात ढग गरजले की मात्र मला माजघरात कोंडायचे, कारण पायाळूवर वीज लवकर पडते म्हणे. पायात गुण आणि डोक्यावर वीज, असा माझा मान होता.

मला बाहेर काढणारी सुईण म्हणजे शेजारची भागीआत्या. तिला या पायाचा माझ्यापेक्षा जास्त अभिमान. "ह्या हातानं वढलाय तो पाय," असं ती आल्यागेल्याला सांगायची.

हा पाय मी आठवीत असताना बंद केला. त्याला कारण मामा. आई त्याची धाकटी बहीण. तो महाडला एका छोट्या छापखान्यात कामाला होता आणि आठवीपासून पुढे शिकायला मी त्याच्याच खोलीवर राहिले. त्या खोलीत पत्रकंच पत्रकं होती. छापून बिघडलेली, एका बाजूला कोरी, शाई पसरलेली. आमच्या वह्या त्यांच्याच, फडताळात अंथरायला तीच आणि भाकरीखाली घालायलाही तीच. धरणग्रस्तांची पत्रकं, कंत्राटी कामगारांची, हुंडा घेणाऱ्यांच्या लग्नाला जाऊ नका म्हणणारी, भगताकडे जाऊ नका म्हणणारी. मार्चमध्ये चवदार तळ्यावर माणसांचा महापूर लोटतो. तेव्हा मामा मला पुस्तकांच्या रांगांमधून फिरवायचा, आणि परतताना माझी पिशवी कागदांनी इतकी जड व्हायची की खांद्याला वळ उठायचे. वाडीत त्यावरून टोमणे बसायचे. "तुमची पोर काय त्यांच्यात गेली काय?" असं बाबांना विचारलं जायचं. बाबा मुंबईत टुरिस्ट गाडी चालवायचे. ते नुसते हसून विषय बदलायचे. मी बदलायचे नाही. सुट्टीत घरी आले आणि कुणी कंबर धरून ओटीवर आलं की मी पाय पोटाशी घेऊन बसायचे आणि भाषण द्यायचे. आई लाजेने लाल व्हायची. "चार ओळी वाचल्यान् तर आभाळाला हात लागले हिचे," म्हणायची. मग त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावायची.

एका वर्षी तळ्यावर एक डॉक्टरीणबाई पत्रकं वाटत उभ्या होत्या. त्यांच्या पत्रकावर घोषणा नव्हती, कंबरेचं चित्र होतं. डोक्यावर ओझं वाहणाऱ्या बायकांसाठी ते काढलेलं होतं. कंबरेत पाच मणके असतात, अख्ख्या कण्यातले सर्वांत मोठे, कारण वरचा सगळा भार त्यांच्यावर येतो. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, कडेला चिवट आणि आत मऊ. मेंदूकडून येणारी जाड दोरी वरच्या एक-दोन मणक्यांपाशीच संपते आणि खाली नुसत्या सुट्या नसांचा झुपका लोंबतो, घोड्याच्या शेपटीसारखा. तो कागद मी चुलीमागच्या भिंतीवर चिकटवला. त्या शिमग्याला आई पुरणपोळ्या लाटत होती तेव्हा मी तिला तो समजावून सांगितला. पोळीच्या एका कडेला तिने लाटणं जोरात दाबलं तसं दुसऱ्या कडेने पुरण फुटून बाहेर आलं. "हे बघ," मी ओरडले, "वाकून ओझं उचललंस की पुढची कड दाबली जाते आणि आतलं मागून फुटतं. मागे नसा असतात. मग कळ पायात उतरते." आईने फुटलेली पोळी माझ्याच ताटात टाकली. "खा तुझी चकती," म्हणाली. शेपटी मात्र तिला पटली नाही. भिंतीकडे हनुवटी करून म्हणाली, "घोडा कुणी बघितलाय इथं? केरसुणी म्हण की."

आजही मी कुणाला कंबर समजावते तेव्हा केरसुणीच म्हणते.

पुढच्या शिमग्याची ही गोष्ट. आमच्याकडे होळीच्या आगेमागे राब भाजायची तयारी चालते. भाताचं रोप जिथे टाकायचं ती जमीन आधी पालापाचोळा जाळून भाजायची, आणि त्यासाठी ऐनाच्या फांद्या तोडून, त्यांचे भारे बांधून डोंगरावरून खाली आणायचे. त्यांना आम्ही कवळं म्हणतो. पुरुष झाडावर चढून तोडतात आणि बायका वाहतात. तोडण्याचं कौतुक होतं, वाहण्याचं होत नाही. भारा माणसापेक्षा रुंद असतो, वाहणारीला पुढचं दिसत नाही, पायाखाली वाळलेला निसरडा पाला आणि उतार. त्या दिवशी आई माझ्या पुढे होती. मला तिचे पायच दिसत होते, वर नुसतं चालतं झाड. पाय सटकला. ती भारा टाकू शकली असती. टाकला नाही. अख्खं ओझं डोक्यावर सावरत ती धप्पकन खाली बसली आणि तिच्या तोंडून आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. मी भारा ओढून बाजूला केला. ती म्हणाली, "सुटला काय गो? नीट बांधला होता मी."

घरी आणली. कंबरेतून निघालेली कळ डाव्या ढुंगणातून पोटरीपर्यंत जात होती. बाबा शिमग्यासाठी गाडी घेऊन आदल्या दिवशीच आले होते. ते म्हणाले, महाडला दाखवून आणू. आई म्हणाली, पालखी होऊन जाऊ दे. त्या वर्षी गावदेवीच्या पालखीचा मान आमच्या घराला होता, कैक वर्षांनी फिरून आलेला. भिंतीवरचा कागद सांगत होता की कंबरदुखी बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपली आपण कमी होते, हळूहळू हिंडतं-फिरतं राहावं. मीही तेच म्हटलं. भागीआत्या ओटीवरून म्हणाली, "घरात पायाळू असून बाई कण्हताय. लाव की गो पाय." मी म्हटलं, "नाही लावणार. दुखावलेल्या मणक्यावर पाय द्यायचा? आणखी मोडेल." आईने भिंतीकडे तोंड केलं.

पालखीच्या दिवशी सकाळपासून घर गजबजलं होतं. अंगण सारवलेलं, ओटीवर रांगोळी, शेजारणी पुरण वाटतायत, वेलचीचा आणि धुराचा एकत्र वास. वरच्या आवाठातून, वरच्या वस्तीतून, ढोल ऐकू येत होता. पालखी तिथून घर घर घेत खाली येणार होती. बाबा नवा सदरा घालून गाडी पुसत होते, तिच्या टपावरही त्यांनी झेंडूची माळ टाकली होती. मी आईला चहा नेला. तिने नको म्हटलं. आईने चहा नको म्हणणं म्हणजे सूर्याने उगवायला नको म्हणणं. उशाशी तांब्या होता, तोही काठोकाठ भरलेला, आदल्या संध्याकाळी मी ठेवला होता तसाच. पाणी का पीत नाहीस, विचारलं. "उठायला नको वारंवार," ती म्हणाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती काल दुपारपासून एकदाही मागच्या दारी गेलेली नाही.

भिंतीवरच्या कागदाच्या तळाशी चौकटीत काही ओळी होत्या. पायांतला जोर कमी झाला, मांड्यांच्या आत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर चकती त्या नसांच्या झुपक्यावर चेपली गेलेली असू शकते. थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा. उशीर झाला तर त्या नसा परत येत नाहीत. मी त्या ओळी कितीदा वाचल्या होत्या, आणि त्या आमच्या घरात अशा अंथरुणावर येऊन पडतील असं वाटलं नव्हतं.

मी दार लोटलं आणि खाली बसून विचारलं, "आई, लघवीला होतंय का?"

तिने माझ्या तोंडावर हात दाबला. "हळू बोल. बाहेर बापये हायत."

"होतंय का?"

"दोनदा बसले. येत नाय." मग, माझ्याकडे न बघता, "खालती कायतरी कापडावर बसल्यागत वाटताय. आपला आपल्याला कळत नाय. तुझ्या बापाला सांगितलंस तर बघ. माझ्या गळ्याची आण हाय तुला."

तिच्या बेंबीखाली हात लावला. पोट घट्ट, फुगलेलं होतं.

मी बाहेर आले तर ढोल जवळ आला होता. बाबांना म्हटलं, गाडी काढा, आईला आत्ताच्या आत्ता न्यायचंय. बाबांनी फडकं खांद्यावर टाकलं. "पालखी दारात आली की ओटी भरायची, नारळ द्यायचा आणि लगेच निघायचं. दोन तास जातील. कंबर हाय, काय हृदय नाय."

"आत्ता, बाबा."

"अगो, देवी दाराशी आणि घरधनी गाडी घेऊन पळाला? वाडी काय म्हणेल? काय झालाय तरी काय एवढं?"

शोषण, अन्याय, धिक्कार, असले शब्द भर चौकात मोठ्याने म्हणणारी मी, ओटीवर बसलेल्या चार पुरुषांसमोर आईच्या लघवीचा शब्द तोंडातून काढू शकले नाही. नुसतं म्हणाले, "बायकांचं आहे." झालं. बाबांनी मान वळवली, पुरुषांनी तंबाखू काढली, आणि ते बायकांचं म्हणून बायकांवर सोडून दिलं गेलं. बायकांच्या वतीने भागीआत्या पुढे झाली. "बायकांचं हाय तर बायका बघतील. आधी पाय लावून घे. तुझ्या ह्या पायापायी तुझ्या आयशीनं किती कळा सोसल्यान् मला ठाऊक. आज तिला गरज हाय तर तुझा कागद आडवा येतो काय?"

आतून आईचा आवाज आला. "पाय लाव गो. एकदा लाव. मग नेशील तिथं येते."

मला संताप आला. त्या क्षणी मला सगळ्यांचाच संताप आला होता: भागीआत्याचा, बाबांच्या सदऱ्याचा, त्या ढोलाचा, आणि वेदनेत पडून सौदा करणाऱ्या आईचा. पण आई येते म्हणाली होती. मी भागीआत्याला म्हटलं, "भार देणार नाही, नुसता टेकवीन." ती म्हणाली, "गुण टेकण्यातच हाय." आईला दोघींनी मिळून हळूच कुशीवरून पालथं केलं. दार उघडंच राहिलं होतं, उंबऱ्याशी बाबा उभे होते. मी खांबाला धरून डावा पाय उचलला. कित्येक वर्षांनी. कंबरेच्या खळग्यावर जरासा टेकवला, तशी आई विव्हळली. तिथून अलगद खाली आणला, माकडहाडावर ठेवला आणि थांबले. लुगड्यावरून माझी टाच तिथे चांगली दिसेल अशी टेकलेली होती. आई दात आवळून वाट बघत होती.

"काय गो," ती उशीत तोंड खुपसून म्हणाली, "थांबलीस कशाला? खालती उतरव ना पाय."

माझा पाय होता तिथेच होता. मी टाच किंचित दाबली.

"उतरव ना. का उचललास?"

भागीआत्याने माझ्या पायाकडे बघितलं, मग आईच्या डोक्याकडे. खाली वाकून तिने स्वतःच्या हाताने आईच्या बैठकीला चिमटा काढला. करकचून. आई हलली नाही. शंभर बाळंतपणं केलेल्या त्या बाईचा चेहरा राखेसारखा झाला. "अगो बाय," ती म्हणाली, "हिला कळत नाय."

तेव्हा माझी जीभ सुटली. मी उंबऱ्याकडे वळून, ओटीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कालपासून तिची लघवी बंद आहे. खालचं अंग बधिर झालंय. आज नेली नाही तर जन्मभर नळी लावून राहावं लागेल." आईने उशी तोंडावर ओढली. बाबांनी सदऱ्याच्या खिशातून गाडीची किल्ली काढली.

तुळशीपुढचा पाट-चौरंग लाथेने बाजूला सारून त्यांनी गाडी दाराशी लावली. मागची सीट आडवी केली. न्हाणीघराच्या दाराची फळी काढली, आईला त्या फळीवर घेतलं, कंबर वळू न देता, एखादा ओंडका सरकवावा तशी. हेही कागदावर होतं. ओटीवरचे तेच चार जण आले उचलायला. कुणी डोळे वर करत नव्हतं.

आमच्या वाडीचा रस्ता एका गाडीपुरता. एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला खाली शेतात उतरणारी ताल, म्हणजे बांध. तळीयेची दरड कोसळल्यापासून त्या वळणावर गाडी थांबवायला कुणी धजत नाही. पण वळण घेतलं आणि बाबांनी ब्रेक दाबला. समोर पालखी. गुलालाने लाल झालेली माणसं, खांद्यावर नाचणारी देवी, पुढे ढोल. पालखी मागे फिरत नाही. ती कुणासाठी बाजूलाही होत नाही, माणसंच होतात. बाबांनी हॉर्न दिला नाही. पालखीपुढे हॉर्न कसा देणार? पुढचा ढोलवाला हसत ओरडला, "मानाचा धनी कुठं निघाला रे? देवीला घाबरलास काय?" मागे हशा पिकला. आई फळीवर डोळे मिटून पडली होती, मी तिचे दोन्ही खांदे धरले होते.

बाबा उतरले. मला वाटलं, आता हात जोडतील, काहीतरी गुळमुळीत सांगतील, आणि देवी नाचून पुढे जाईपर्यंत आम्ही थांबून राहू. बाबांनी हात जोडले खरे. मग ढोलाच्या वर आवाज चढवून म्हणाले, "माझ्या बायकोची लघवी बंद पडलीय! वाट द्या!"

ढोल थांबला. इतका अचानक की त्याचा शेवटचा ठोका दरडीवरून परत आलेला ऐकू आला. पालखीच्या पुढच्या भोयाने मागच्याकडे बघितलं. मग त्यांनी पालखी खांद्यावरून उतरवून हातांवर घेतली आणि ताल उतरून देवी शेतात नेली, भाजायला काढलेल्या राबाच्या ढिगाशेजारी. आम्ही गेलो तेव्हा ते सगळे ओळीने पालापाचोळ्यात उभे होते आणि गाडीच्या टपावरची झेंडूची माळ त्यांच्या अंगावर घरंगळली.

महाडच्या डॉक्टरांनी आईच्या कंबरेला हात लावण्याआधी तोच प्रश्न विचारला. आई माझ्याकडे बघू लागली. शेवटी तीच म्हणाली, "नाय होत." त्यांनी टाचणीने पाय, मांड्या, बैठक तपासली, नळी घालून लघवी मोकळी केली, आणि मुंबईला फोन लावत म्हणाले, वेळेत आणलीत, पण आता वाटेत जेवायला थांबू नका. मुंबईत तपासणीच्या चित्रात चकती दिसली, फुटून मागे आलेली. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. नसा एका दमात जाग्या होत नाहीत. कित्येक महिने आई घड्याळ बघून मोरीत जायची. मग एका पहाटे तिने मला हलवून उठवलं. "कळली गो," एवढंच म्हणाली आणि अंधारात हसत बसली. डाव्या पायाची बोटं मात्र अजून उचलत नाहीत. तिची चप्पल आजही ओटीवर फरफटत येते. तिच्या येण्याचा आवाज तोच.

वाडीने निकाल वेगळाच दिला. पायाळूचा पाय लागला म्हणून बाई वाचली. भागीआत्याने ही गोष्ट चार गावांत नेली आणि आमच्या ओटीवर पूर्वीपेक्षा जास्त गर्दी होऊ लागली. मी चिडून माझं पहिलं पत्रक लिहिलं. मामाने जुन्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूंवर छापायचं ठरवलं. मी मथळा दिला होता, "मूत्रविसर्जनात अडथळा येत आहे काय?" आईने तो अडखळत वाचला. "हे कुणाला समजणार गो? वाहणारीला विचारतेस का डॉक्टरला?" तिने खाडकन दुसरा शब्द सांगितला, वाडीतला, आणि मामाने तोच सर्वांत मोठ्या टायपात लावला. त्यावरून महाडमधल्या दोन सभ्य माणसांनी पत्रक परत केलं. तितकं बरं पत्रक मला त्यानंतर लिहिता आलेलं नाही.

गेल्या शिमग्याला मी घरी होते. खालच्या वाडीतली एक लेकुरवाळी कंबर धरून ओटीवर आली, मागे नवरा आणि सासरा. सासरा माझ्याकडे बघून म्हणाला, "पायाळू हीच ना? लाव गो पाय." मी उठायच्या आत माजघरातून चप्पल फरफटल्याचा आवाज आला. आई दारात उभी राहिली, हात पिठाने माखलेले. तिने सासऱ्याकडे बघितलं नाही, नवऱ्याकडेही नाही.

"पाय मागाहून," ती म्हणाली. "मुतायला होताय काय गो नीट? मोठ्यानं सांग."